सृष्टीला परत आणण्यास झालेल्या विलंबाबाबत

मुक्काम : बामणोलीच्या अलीकडे, जलाशयाकाठची छावणी,
ता. जावळी, जि. सातारा.
पौषातला शनिवार, दुपार.

तीर्थरूप चंपाअक्का यांच्या चरणी धाकटा भाऊ आदगोंडा याचा साष्टांग नमस्कार आणि जय जिनेंद्र.

तुमचे गुडघे कसे आहेत? उजव्याला तेल आणि डाव्याला लेप, हे सूनबाईंच्या हातून उलट होत नाही ना? कानातलं यंत्र तुम्ही डबीत घालून कपाटात ठेवता, त्यामुळे ते हरवत नाही हे खरं. पण ते कानात घालण्यासाठी दिलेलं आहे, हे पुन्हा एकदा नम्रपणे सुचवतो. (फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि जे ऐकू येतं त्यावर तुमचा विश्वास बसत नाही. “फोनवर तू गोड बोलून सुटतोस. काय असंल ते कागदावर लिव,” असं मी निघताना तुम्ही बजावलंत, म्हणून हा पत्रप्रपंच.) माझ्या प्रकृतीचं म्हणाल, तर डाव्या बरगडीखाली खरचटलं आहे, उजव्या अंगठ्याचं नख काळं पडलं आहे आणि एक विजार कायमची गेली आहे. एवढं सोडलं तर मी खुशाल आहे. समोरासमोर मी तुम्हाला ‘अक्का, तू’ म्हणतो. पण पत्रात थोरल्या माणसाला अहो-जाहो करावं ही आपल्या अण्णांची शिस्त, ती पाळतो आहे. (अण्णांनी आईला जन्मात एकच पत्र लिहिलं, तेही इतक्या आदराने, की आईला ते शेजारच्या बाईंचं वाटलं आणि तिने ते त्यांना नेऊन दिलं.)

आता मुद्द्याचं. गेल्या आठवड्यात तुम्ही बस्तीच्या गाभाऱ्यात भगवंतांसमोर उभं राहून नियम घेतलात, की सृष्टी घरात पाऊल टाकेपर्यंत दुधाला शिवणार नाही. दूध सोडलं म्हणजे चहा गेला, दही गेलं, ताक गेलं आणि भातावरचं तूपही गेलं. डॉक्टरांनी तुमच्या हाडांसाठी रोज दोन पेले सांगितलेले. अरिहंतचा मला फोन आला, “मामा, आई काळा चहा पितीया आन् माझ्याकडं बघतीया. माझ्या घशाखाली घास उतरंना.” पोटच्या पोराची ही दशा, मग मला तर तुम्ही नुसता निरोप धाडलात, “जा आणि पोरीला पाण्यातनं काढून आण,” आणि मी दुसऱ्या दिवशी सांगलीच्या स्टँडवर हजर होतो. एकवीस वर्षांची आपली नात, शिकलीसवरलेली, छावणीत लोकांना होड्या वल्हवायला शिकवते, हे तुम्हाला सोसलं नाही, यात कुणी नवल मानू नये. आपल्या दोघांमधला बाळगोंडा वारणेत बुडून गेला, त्याला बावन्न वर्षं झाली. तुम्ही लग्न होऊन समडोळीला आलात, वारणा तिथूनही हाकेच्या अंतरावर, पण तुम्ही एकदाही घाट पाहिला नाहीत. एकोणीस सालच्या महापुरात लष्कराची बोट तुमच्या माडीला येऊन लागली, सगळे बसले आणि तुम्ही त्या जवानाला सांगितलंत, “बाळा, तू जा. मला पाण्यावर बसायचं न्हाई.” चौदा वर्षांची सृष्टी तुमचा पदर सोडेना, म्हणून तीही राहिली. तीन दिवस दोघी गच्चीवर! (आपल्याकडे पोहायला शिकणाऱ्या पोराच्या पाठीला वाळका भोपळा बांधायचे. त्या दिवशी बाळगोंडाचा भोपळा घरी खुंटीला सापडला. तो बांधायला आपण विसरलो, असं तुम्ही सणासुदीला, लग्नकार्यात, माणूस दिसेल तिथे सांगता, आणि मला दर वेळी उठून बाहेर जावं लागतं. आताही मी हा विषय इथेच थांबवतो.)

मी रविवारी संध्याकाळी, सूर्यास्ताला अवघा अर्धा तास उरला असताना, इथे पोचलो. जागा बघितली तर ओवरीसारख्या ओळीने खोल्या, मध्ये पटांगण, एका बाजूला भोजनगृह आणि दारात टेबल टाकून एक मुलगी वही घेऊन बसलेली. मला वाटलं, तीर्थक्षेत्री असतं तसं यात्रीनिवास आहे. आपल्याला सवयच ती! बाहुबलीला जावं, वहीत नाव-गाव लिहावं, सही करावी, खोलीची किल्ली घ्यावी. तिने कागद पुढे केला, मी भराभर लिहिला. ‘आजार’ असं जिथे होतं तिथे “सूर्यास्तानंतर जेवत नाही” असं लिहिलं. ‘विशेष सूचना’ होती तिथे “कांदा, लसूण, बटाटा चालत नाही, पाणी गाळून लागेल” असं लिहिलं. खाली बारीक अक्षरात पाचसहा ओळी होत्या. चष्मा पिशवीत होता आणि सूर्य डोंगरामागे चाललेला, त्यामुळे त्या न वाचता सही ठोकून मी जेवायला पळालो. दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता शिट्टी झाली आणि माझं नाव पुकारलं गेलं, तेव्हा उलगडा झाला की ‘साठीपुढील नागरिकांसाठी पाच दिवसांचे साहस प्रशिक्षण’ या तुकडीत मी स्वखुशीने, पूर्ण शुद्धीत आणि परिणामांची जाणीव ठेवून दाखल झालो आहे. डोंगर चालणे, घळीत शिरणे आणि कयाक वल्हवणे. (कयाक म्हणजे आपल्या ऊसपट्ट्यात पायांची मापं घेऊन कुणी पाट खोदावा, एवढ्याच रुंदीची होडी.) हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मी तडक सृष्टीला गाठलं. ती केशरी जाकीट घालून गुडघाभर पाण्यात उभी होती. अक्का, पोरगी काळवंडली आहे, दंड भरले आहेत, आणि चालते कशी म्हणाल, तर तुम्ही तरुणपणी भरल्या घागरी घेऊन चालायचात, तशीच. मी तुमच्या नियमाचं सांगितलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं; ती ते लपवत नाही, हे तिने आपल्या घराण्यातून घेतलेलं नाही. मग म्हणाली, “मामाआबा, तुमी कशाला आलाय ते मला ठाऊक हाय. नाव लिहिलंयसा, तर पाच दिवस शिका. सहाव्या दिवशी तुमी चल म्हणा, मी पिशवी भरून येते. एक शब्द बोलणार न्हाई.” मी म्हटलं, ठरलं. पाच दिवस इथे काढले की काम फत्ते, असा माझा हिशेब होता. करायला गेलो गणपती नि झाला मारुती, तो कसा ते आता सविस्तर लिहितो.

आमचे मुख्य गुरुजी सुभेदार आकाराम कदम. सातारकडचे, अठ्ठावीस वर्षं पलटणीत काढलेले, मिशी दोन्ही बाजूंना सारखी आणि आवाज डोंगरापलीकडे जाणारा. सोमवारी त्यांनी आम्हा सोळा जणांना डोंगरावर काढलं. तुम्हाला ठाऊक आहे, आपण चालताना चार हात पुढची जमीन बघून चालतो, पायाखाली जीव येऊ नये म्हणून. त्या वाटेवर मुंग्यांच्या रांगा इतक्या, की मी प्रत्येक रांगेपाशी थांबून, लांब ढांग टाकून पलीकडे जाई. अर्ध्या तासात मी सर्वांच्या मागे पडलो. सुभेदार परत आले आणि म्हणाले, “आवं पाटील, पाय बघून टाका म्हन्लं मी. दर मुंगीला रामराम घाला म्हन्लं न्हाई.” मी त्यांना ईर्यासमिती, म्हणजे जीव जपून चालण्याचा आपला नियम, समजावून सांगितला. त्यांनी ते सावधान उभं राहून ऐकलं (हा माणूस कुठलीही गोष्ट सावधान उभं राहूनच ऐकतो) आणि माझ्यामागून चालू लागले. एका वळणावर पुढची मंडळी गप्पा मारत बसायला एक दगड शोधत होती. त्या दगडाच्या कडेला पाचोळ्यासारखंच काहीतरी वेटोळं करून होतं, ते चार हातांवरून मला दिसलं. घोणस. कऱ्हाडच्या निवृत्त मुख्याध्यापिका शालूबाई टेकणार, एवढ्यात मी ओरडलो. ती बिचारी फुसफुसून निघून गेली. (घोणस. शालूबाई नव्हेत.) तेव्हापासून सुभेदारांनी मला रांगेत सगळ्यात पुढे लावलं. त्याचा परिणाम असा झाला, की माझ्यापुढे कुणाला जाता येईना, मुंग्या तर तेवढ्याच होत्या, आणि दुपारच्या जेवणाच्या जागी आम्ही चार वाजता पोचलो.

मंगळवारी घळ. डोंगराच्या पोटात निसर्गतः झालेली गुहा. खालच्या तोंडाने शिरायचं, आत वाकून, बसून, शेवटी पोटावर सरपटत जायचं आणि वरच्या भोकातून बाहेर पडायचं. डोक्याला लोखंडी टोपी, टोपीला दिवा. मधे बरीच मोठी जागा लागली, तिथे सुभेदारांनी सर्वांना बसवून दिवे बंद करायला लावले. अक्का, तो अंधार मी तुम्हाला कसा सांगू? डोळे मिटले काय, उघडले काय, फरक नाही. मग दिवे लावून जेवणाची पाकिटं वाटली गेली आणि मी हात जोडून नको म्हटलं. शालूबाईंनी घड्याळ दाखवलं, सव्वाबारा. मी म्हटलं, बाई, आमचा नियम घड्याळाशी बांधलेला नाही, डोळ्यांशी बांधलेला आहे. घासात जीव पडला तर दिसत नाही म्हणून रात्रीचं खायचं नाही. इथे तर रात्रीहून काळोख, आणि दिवा लावावा तर त्यावरच चिलटं येतात. म्हणजे ही रात्रच. बाकीचे पंधरा जण भरदुपारी माझ्या शेजारी बसून, माझ्या मते, रात्रीचं जेवले. भाजी बटाट्याचीच होती, तेव्हा फार नुकसान झालं असं नाही.

खरी आपत्ती पुढेच होती. तुम्ही सृष्टीसाठी शेंगदाण्याचे अकरा लाडू दिले होतेत. (“पोचले का?” असं तुम्ही विचारालच. वाचा.) खोलीत मुंग्या. डबा उघडला असता तर त्या आल्या असत्या, आल्या की मेल्या असत्या. म्हणून मी ते लाडू बंडीच्या आतल्या दोन खिशांत घालून अंगावरच वागवत होतो. वरच्या भोकातून बाहेर पडताना डोकं आलं, उजवा हात आला, खांदे आले आणि बंडी अडकली. पुढे जाता येईना, मागे येता येईना. बाहेर सुभेदार हात धरून ओढतायत, आतून शालूबाई पाय ढकलतायत. सुभेदारांना कारण सांगितलं, तर म्हणाले, “मग काढा आन् टाका भाईर!” मी म्हटलं, सुभेदार, अन्न टाकायचं नाही, आणि हे तर माझ्या अक्काच्या हातचं आहे. मग एकच मार्ग उरला. माझं तोंड आणि उजवा हात स्वच्छ उन्हात होते. मी गळ्यातून हात घालून एकेक लाडू काढला, उन्हात नीट न्याहाळला आणि खाल्ला. पाच मी खाल्ले. चार सुभेदारांनी, माझ्या आग्रहाखातर, सावधान उभं राहून खाल्ले. दोनांचा चुरा झाला. बंडी सैल झाली आणि मी बुचासारखा बाहेर आलो. विजार मात्र फाटून आत राहिली, ती शालूबाईंनी नंतर घडी घालून आणून दिली. आता माझ्या मनाला एकच टोचणी आहे. खाताना माझं तोंड उजेडात होतं पण पोट अंधारात होतं. खाणं नेमकं कुठे घडतं, तोंडात की पोटात? महाराज चातुर्मासानंतर तुमच्याकडच्या बाजूला विहार करत आहेत असं ऐकतो. माझं नाव न सांगता विचारून ठेवावं.

बुधवारपासून पाणी. इथे मला जरा सावकाश लिहावं लागतं आहे.

सुभेदारांनी प्रत्येकाला एकेक केशरी जाकीट दिलं. ते छातीवरून घ्यायचं आणि पाठीमागून कुणीतरी पट्टा आवळायचा. माझा पट्टा आवळताना सुभेदारांचा हात पाठीला लागला आणि मी एकदम मागे वळलो. मी विचारलं, हे मी घातलं तर कुणाला कमी पडत नाही ना? ते म्हणाले, “न्हाई वं. सोळा मान्सं, अठरा जाकिटं.” मी मोजली. मग दोन जण उशिरा आले म्हणून पुन्हा मोजली. सगळे पाण्यात उतरायला लागले तेव्हा तिसऱ्यांदा विचारलं. शालूबाई सर्वांना म्हणाल्या, दुसऱ्याची एवढी काळजी करणारा माणूस आजकाल पाहायला मिळत नाही. ते ऐकल्यावर मी जाकीट काढून ठेवलं आणि पोट बिघडल्याचं सांगून दिवसभर जांभळीखाली बसलो. (लाडवांचं निमित्त पुढे केलं. लाडवांचा काही दोष नव्हता, हे इथे नमूद करतो.)

गुरुवारी सृष्टीच आली. तिने माझ्या अंगावर जाकीट चढवलं, सगळे पट्टे मला दाखवून आवळले, आणि माझ्यासमोर स्वतःचंही घालून त्याचे पट्टे माझ्याकडून आवळून घेतले. मग म्हणाली, “आता बघा. तुमचं तुमच्याजवळ, माझं माझ्याजवळ.” आम्ही दोघांच्या होडीत बसलो. इथे पहिला धडा होडी वल्हवण्याचा नसतो, उलटी करण्याचा असतो. आधी बुडायला शिकवतात! मुद्दाम होडी पालथी घालायची, आपण पाण्याखाली जायचं, पाय सोडवून घ्यायचे आणि जाकीट वर नेईल तसं वर यायचं. त्रेसष्ट वर्षांच्या आयुष्यात मी आंघोळीच्या तांब्याखेरीज डोक्यावरून पाणी घेतलेलं नाही. तिने तीन म्हटलं आणि आम्ही पालथे झालो. आत हिरवं होतं. कानात काहीच नव्हतं. मी हातपायही हलवले नाहीत अक्का, आणि तरी मी वर आलो, आपोआप, बूच वर यावं तसा. सृष्टी शेजारीच होती. मी रडत होतो. तिला मी सांगितलं की नाकात पाणी गेलं. “जातं पहिल्यांदा,” एवढंच ती म्हणाली.

मग होडीला धरून आम्ही तसेच तरंगत राहिलो, आणि तिने जे सांगितलं ते तिच्याच शब्दांत लिहितो, कारण मी केवळ त्यासाठी इतकी पानं खर्च केली आहेत. ती म्हणाली, “मामाआबा, गच्चीवर तीन दिवस आजी माझा हात धरून बसली होती. पाणी जिन्याची एकेक पायरी चढत होतं, आन् आजी पायऱ्या मोजत होती. दुसऱ्यांदा बोट आली तवा जवान तिच्या पाया पडला, तरी ती उठली न्हाई. मी तवाच ठरवलं. पाणी पुन्हा येणार, गावाला ते चुकलेलं न्हाई. आजी परक्याच्या बोटीत कवाच बसणार न्हाई. पण माझ्या बोटीत बसंल.” मी विचारलं, आणि नाही बसली तर? म्हणाली, “मग मी बोट गच्चीला बांधून तिच्याजवळ बसंन. पण बोट तर असंल.”

शुक्रवारी मी तिच्या पुढे बसून, स्वतः वल्हं मारून, पलीकडच्या काठाला गेलो आणि परत आलो. पाणी स्वच्छ होतं. वल्ह्याने किती सूक्ष्म जीव दुखावले असतील याबद्दल मी रोज क्षमा मागतो आहे. पण खोटं कशाला लिहू, येताना मी दोन वेळा हसलो.

आज सहावा दिवस. ठरल्याप्रमाणे सकाळी मी तिला चल म्हटलं. तिने एक शब्द न बोलता पिशवी भरली. उद्या रविवारी सकाळच्या गाडीने निघून ती दुपारपर्यंत तुमच्या दारात पोचेल. हे पत्र तिच्याच हाती देत आहे. येणेप्रमाणे तुम्ही सोपवलेलं काम मी, विलंबाने का होईना, पार पाडलं आहे. अरिहंतला आशीर्वाद, सूनबाईंना लेप-तेलाची आठवण, आणि तुमच्या पायांवर पुन्हा एकदा डोकं.

आपला आज्ञाधारक धाकटा भाऊ,
आदगोंडा

ता.क. : पत्रात शालूबाईंचं नाव बऱ्याच वेळा आलेलं आहे. त्यावरून सूनबाई काही अर्थ काढतील. त्यांचे यजमान पाचही दिवस सोबत होते. ते बोलत नाहीत, म्हणून लिहिण्यात आले नाहीत.

ता.क. दुसरी : तुमचा नियम “सृष्टी घरात पाऊल टाकेपर्यंत” एवढाच होता, हे मी अरिहंतकडून दोनदा खात्री करून घेतलं आहे. हे वाचत आहात त्या अर्थी पाऊल पडलेलं आहे. नियम पुरा झाला. तिला आत जाऊन चहा टाकायला सांगावं, दूध घालून, आणि आधी अरिहंतला दाखवून प्यावा. मंगळवारी सकाळी ती परत इकडे येईल. ती विचारणार नाही, कारण शब्द दिलेला आहे. म्हणून मीच तुमच्या वतीने हो म्हणून टाकलं आहे. हा आगाऊपणा आहे. त्याची शिक्षा पुढच्या ताज्या कलमाच्या शिक्षेत मिळवून एकदमच द्यावी.

ता.क. तिसरी, आणि खरं पत्र एवढंच : अक्का, आता तुला ‘तू’ म्हणतो. अण्णा मला क्षमा करतील.

तू भोपळा बांधला होतास.

त्या दिवशी सकाळी तूच बाळगोंडाच्या पाठीला तो बांधलास, दोन गाठी मारल्यास आणि धुणं घेऊन घाटाच्या वरच्या अंगाला गेलीस. मी मागून आलो. मलाही भोपळा पाहिजे म्हणून मी हट्ट धरला, वाळूत लोळलो. त्याने आपल्या पाठीचा सोडून माझ्या पाठीला बांधला. “तू तरंग, मी हितंच कडंला हाय,” म्हणाला. मी तरंगत होतो, आणि तो कडेलाच होता, आणि मग नव्हता. मी बाहेर आलो आणि ओरडलो नाही. घरी पळालो. दादाचा भोपळा का घेतलास म्हणून आई मारील, एवढंच डोक्यात होतं, अकरा वर्षांचं डोकं. भोपळा खुंटीला लटकवला आणि कणगीमागे जाऊन बसलो. नंतर सगळे तुला ओरडून विचारत होते. तू म्हणत होतीस, मी बांधला होता, मी बांधला होता. मग कुणीतरी तुला खुंटीपाशी नेऊन उभं केलं. त्यानंतर तू ते कधीच म्हणाली नाहीस. मी कणगीमागून बघत होतो. बावन्न वर्षं बघतो आहे.

तू विसरली नव्हतीस. सृष्टीला यातलं काही माहीत नाही, पाकीट मी चिकटवलं आहे. तिला सांगायचं का ते तू ठरव. सुभेदारांनी पुढच्या तुकडीला माझी गरज आहे म्हणून मला ठेवून घेतलं, असं ती सांगेल. तेही खरं आहे, पण मी सोबत आलो नाही त्याचं कारण ते नव्हे. तू बोलाव म्हणजे येतो. ओरडायला बोलावलंस तरी येतो.

तिच्या पिशवीत कपड्यांच्या खाली एक केशरी जाकीट आहे, ते तुझ्या मापाचं आहे. माझं माझ्याजवळ वेगळं आहे.